रेणू सर्वांना ठाऊक आहे, कुंडाचे काय?

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये एक मथळा वर्षातून अनेकदा भेटतो. पोलादाहून बळकट आणि त्याच्या कितीतरी पट हलका असा तंतू एखाद्या भारतीय प्रयोगशाळेत तयार झाला, आता त्याची आयात थांबणार, असे त्यात सांगितलेले असते. बातमीत पदार्थाचे नाव असते, ताणबलाचा एक घसघशीत आकडा असतो, कोणाचे तरी अभिनंदन असते. तंतू कोणत्या द्रावणातून काढला, तो कोणत्या कुंडात साकळला, त्या कुंडाचे तापमान किती होते, त्यातून तो किती वेगाने ओढला आणि सलग किती किलोमीटर निघाला, हे मात्र त्यात नसते. वाचकही ते विचारत नाही. पदार्थाचे गुण त्याच्या रेणूत असतात, रेणू कळला की पदार्थ कळला, हे त्याच्या मनावर शाळेपासून ठसलेले असते.

कृत्रिम तंतूंच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे, आणि तिची किंमत मोठी आहे. तंतूचा रेणू पाठ्यपुस्तकात छापलेला असतो. तंतूचे बळ प्रक्रियेत घडते. ज्या देशाची विज्ञानसंस्कृती प्रक्रियेला दुय्यम मानते, तो देश रेणूचे सूत्र फळ्यावर लिहीत राहतो आणि तंतू परदेशातून मागवत राहतो.

हा वाद मांडण्यासाठी चंदीगडलगतच्या एयरोसिटीइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. मोहालीच्या हद्दीत, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने ही वसाहत उभी राहिली आहे. जवळच सेक्टर ८१ मध्ये भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजे आयसर, आहे. नॅनो विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थाही तिथेच आहे. चंदीगड शहरात संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. गोळीरोधक जाकिटांवर प्रत्यक्ष गोळ्या झाडून त्यांची परीक्षा घेणे हे तिच्या कामांपैकी एक. शंभरेक किलोमीटरवर लुधियाना आहे, जिथली होजिअरी देशभर स्वेटर पुरवते. आता तीन वस्तू शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात: एयरोसिटीवरून उतरणाऱ्या एअरबस ए३२० विमानाचे शेपूट, ॲरामिड तंतूंचे गोळीरोधक जाकीट आणि लुधियानाचे ॲक्रिलिक स्वेटर. विमानाच्या शेपटात कार्बन तंतू आहे, जाकिटात ॲरामिड आहे, स्वेटरात ॲक्रिलिक आहे. बाजारात या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जन्माने मात्र ते एका कुळातले आहेत, कारण हे तंतू द्रावणातून काढून द्रवाच्या कुंडात घट्ट करण्याच्या रीतीने बनवले जातात. या रीतीला वेट स्पिनिंग, म्हणजे ओली कताई म्हणतात.

नायलॉन किंवा पॉलिस्टर यांना वितळवून त्यांचे तंतू काढता येतात. पॉलिॲक्रिलोनायट्राइल, ॲरामिड आणि सेल्युलोज या बहुवारिकांना ती सोय नाही. वितळण्याआधीच त्यांचे विघटन होऊ लागते. म्हणून त्यांना योग्य विद्रावकात विरघळवतात. ते घट्ट, चिकट द्रावण गाळून, त्यातली हवा काढून, सूक्ष्म छिद्रांच्या धातूच्या चकतीतून दाबाने बाहेर ढकलतात. या चकतीला स्पिनरेट म्हणतात. शेव पाडण्याच्या सोऱ्याची जाळी डोळ्यांपुढे आणावी. फक्त येथे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असतो आणि एका चकतीत अशी हजारो छिद्रे असतात. द्रावणाच्या धारा थेट कुंडातील द्रवात पडतात. हा द्रव म्हणजे बहुधा पाणी आणि तोच विद्रावक यांचे मिश्रण असते. धारेतला विद्रावक कुंडात जातो, कुंडातले पाणी धारेत शिरते, आणि बहुवारिक विरघळलेल्या अवस्थेतून बाहेर पडून साकळते. पुढे धुणे, गरम पाण्यात किंवा वाफेत ताणणे, सुकवणे. शेवेचे पीठ तेच असले तरी तेल किती तापले आहे यावर शेव ठरते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असते. कुंडाच्या बाबतीत तेच सांगितले की मात्र त्याला तांत्रिक तपशील असे नाव देऊन बाजूला सारले जाते.

तो तपशील किती निर्णायक आहे याचा पुरावा लुधियानाचे स्वेटर आणि विमानाचे शेपूट हाच आहे. दोन्हींच्या मुळाशी पॉलिॲक्रिलोनायट्राइल आहे. सोबत मिसळलेल्या इतर घटकांची जात आणि प्रमाण थोडे बदलते, कणा तोच राहतो. स्वेटरच्या तंतूचे ताणबल गिगापास्कलच्या पाव ते एक-तृतीयांशाच्या आसपास असते. कार्बन तंतूसाठी त्याच बहुवारिकाचा विशेष तंतू आधी कातला जातो, मग तो ताण देऊन हवेत २०० ते ३०० अंश सेल्सियसला स्थिर केला जातो आणि नंतर नायट्रोजनमध्ये १००० अंशांहून अधिक तापवला जातो. जपानच्या टोरे कंपनीच्या टी३०० या जुन्या कार्बन तंतूचे ताणबल सुमारे ३.५ गिगापास्कल आहे. तिच्याच टी११०० चे ७ गिगापास्कल. जुन्यापासून नव्यापर्यंत बळ दुप्पट झाले, आणि तरीही दोन्ही तंतू पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासूनच बनतात.

हे बळ कुठून आले, याचे उत्तर भौतिकशास्त्राने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. काचेच्या तंतूंवर प्रयोग करून ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास दाखवले की ठिसूळ पदार्थ त्याच्या सर्वांत वाईट दोषापाशी तुटतो, आणि तुटण्याचे बल त्या दोषाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे बळ दुप्पट करायचे असेल तर सर्वांत मोठा दोष चौथाईवर आणावा लागतो. कार्बन तंतू ठिसूळ आहे. कातताना त्याच्या पोटात राहिलेली पोकळी, कुंडातून चिकटलेला कण, दोन तंतू एकमेकांना घासून पडलेला ओरखडा हे दोष भट्टीत नाहीसे होत नाहीत. ते कार्बनमध्ये उतरतात. टी३०० पासून टी११०० पर्यंतच्या प्रवासाचा मोठा भाग हा दोष लहान करण्याचा प्रवास आहे. त्याची सुरुवात भट्टीपाशी होत नाही. ती कुंडापाशी होते.

कुंडात नेमके काय घडते? धार कुंडात पडताच तिच्या पृष्ठभागावर पाण्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. कुंडात विद्रावक कमी आणि पाणी फार असेल तर बाहेरचा थर क्षणात घट्ट होतो आणि त्याचे कातडे बनते. आत अजून द्रावणच असते. या कातड्यातून विद्रावक बाहेर पडायला वेळ लागतो. आतला भाग आकसतो, पण कातडे आधीच कडक झालेले असल्याने ते सुरकुतते किंवा खचते, आणि गोल छिद्रातून निघालेल्या तंतूचा छेद घेवड्याच्या दाण्यासारखा होतो. काही वेळा पाणी बोटांसारख्या पोकळ्या करत आत घुसते. कुंडात विद्रावकाचे प्रमाण वाढवले की दोन्ही बाजूंची देवाणघेवाण मंदावते आणि साकळणे अधिक एकसारखे होते; पण ते फार वाढवले तर धार घट्टच होत नाही आणि तुटते. तापमान कमी ठेवले तर पोकळ्या लहान राहतात आणि तंतूचे जाळे दाट बनते. पण त्याबरोबर द्रावणाची श्यानता, विसरणाचा वेग आणि ओढण्याची मर्यादा या गोष्टीही बदलतात. एक खुंटी पिळली की बाकीच्या तारांचे सूरही हलतात. म्हणून सर्वोत्तम तापमान नावाचा कोणताही एकटा आकडा अस्तित्वात नसतो. बहुवारिकाची रेणुलांबी, द्रावणाची घनता, कुंडाचे घटक आणि ओढण्याचा वेग यांच्या संगतीतच तो ठरतो.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. धारेची त्रिज्या ५० मायक्रोमीटर आणि विसरणांक सेकंदाला ५०० चौरस मायक्रोमीटर धरला, तर गाभ्यापर्यंत बातमी पोहोचायला ५ सेकंदांच्या आसपास लागतात. कुंड १ मीटर लांब असेल आणि तंतू मिनिटाला १० मीटर वेगाने ओढला जात असेल, तर तो कुंडात ६ सेकंद राहतो. काम जेमतेम भागते. आता उत्पादन वाढवण्यासाठी वेग दुप्पट केला की तंतूला ३ सेकंदच मिळतात. तो अर्धवट गाभ्यानिशी बाहेर येतो आणि पुढच्या रुळांवर चपटा होतो. कुंड लांब करावे तर द्रवाचे घर्षण वाढते, ओला आणि दुबळा तंतू त्या ओढीत तुटू लागतो. छिद्रे वाढवावीत तर मधल्या धारांपाशी विद्रावक साठतो आणि कडेच्या तंतूंना वेगळे कुंड मिळते, मधल्यांना वेगळे. प्रयोगशाळेत एका छिद्रातून काढलेल्या १० मीटर तंतूचे ताणबल मोजून छापलेला मथळा म्हणूनच फसवा ठरतो. त्यातला आकडा खरा असतो, पण तो दुसऱ्याच कुंडाचा असतो. कारखान्यातले कुंड अजून कोणी पाहिलेलेच नसते.

इतिहासाने या मुद्द्याचा निकाल एकदा जाहीरपणे दिला आहे. पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून कार्बन तंतू करण्याची वाट १९६० च्या आसपास जपानमध्ये ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत आकिओ शिंदो यांनी उघडली. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये १९६० च्या दशकातच, स्थिरीकरणाच्या वेळी ताण देऊन, उच्च बळाचा तंतू बनवण्यात आला. त्या काळी इंग्लंडची आघाडी स्पष्ट होती. रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची करण्याचे धाडसही केले. पक्ष्याच्या धडकेच्या चाचणीत ती टिकली नाहीत, आणि त्याच इंजिनाच्या वाढत्या खर्चाने १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कोर्टाल्ड्स ही ब्रिटिश कंपनी तंतू बनवत राहिली. तिची कताई पाण्यात विरघळवलेल्या अकार्बनी क्षाराच्या द्रावणातून होत असे. त्या प्रक्रियेत अशुद्धी तंतूत राहून बाधा आणत. कार्बनी विद्रावक वापरणाऱ्या इतरांना ती अडचण नव्हती. १९९१ मध्ये कोर्टाल्ड्सने कार्बन तंतूचे उत्पादन थांबवले. रेणू तोच, शोध मायदेशीचा, अभियंते उत्तम. नडला तो विद्रावक. १९७१ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू केलेली टोरे आज बोइंग ७८७ ला कार्बन तंतू पुरवते, आणि त्या विमानाच्या रचनेचे सुमारे निम्मे वजन संमिश्रांचे आहे.

ॲरामिडची कथा आणखी बोलकी आहे. ड्युपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये एक विचित्र द्रावण बनवले. ते दुधाळ आणि पातळ होते. चांगले कताईचे द्रावण स्वच्छ आणि दाट असावे, अशी त्या काळची धारणा होती. कताईयंत्र सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला ते यंत्रात घालायची भीती वाटली, कारण छिद्रे तुंबण्याचा धोका होता. त्याचे मन वळल्यावर तंतू निघाला, आणि तो विलक्षण ताठ होता. ताठ रेणू द्रावणातच एका दिशेने रांगा धरत होते. पण या शोधाचे केव्हलार झाले ते पुढे हर्बर्ट ब्लेड्स यांनी कताईची रीत बदलल्यावर. गंधकाम्लातील सुमारे २० टक्क्यांचे हे द्रावण थंड असताना गोठते, म्हणून ते ८० अंशांच्या आसपास तापवावे लागते. उलट रेणूंची लागलेली रांग विस्कटण्याआधी गोठवायची तर कुंडातले पाणी थंडगार हवे. चकती कुंडात बुडलेली असेल तर दोन्ही अटी एकत्र पाळता येत नाहीत. ब्लेड्स यांनी चकती पाण्याच्या वर उचलली. मध्ये हवेची लहानशी फट ठेवली, तिच्यात धार ताणली आणि मग ती थंड पाण्यात सोडली. सेंटिमीटरभर हवेने दोन तापमाने वेगळी केली आणि रेणूंना एका दिशेत ओढायला जागा दिली. जगातल्या लाखो पोलिसांच्या आणि सैनिकांच्या छातीपुढे आज जे उभे आहे, त्यात त्या सेंटिमीटरचा वाटा रेणूइतकाच आहे.

प्रक्रियेतील हलगर्जीपणा किती दूर जाऊन बाधतो, हे झायलॉनने दाखवले. तोही याच रीतीने, पॉलिफॉस्फोरिक आम्लातून कातला जाणारा, ताणबलात केव्हलारहून कितीतरी सरस तंतू. त्याची जाकिटे अमेरिकेत पोलिसांनी मोठ्या विश्वासाने घातली. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात असे एक जाकीट भेदून गोळी आत गेली आणि अधिकारी जखमी झाला. २००५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने झायलॉनच्या जाकिटांना मान्यता देणे थांबवले. ओलावा आणि प्रकाश यांनी तंतू कालांतराने दुबळा होत होता, आणि कताईतून मागे राहिलेल्या आम्लाचा अंशही त्या ऱ्हासाच्या कारणांत मोजला गेला. नवे जाकीट चाचणीत उत्तीर्ण होत होते. धुण्याच्या टप्प्यात राहिलेली उणीव वापरात, ओलाव्यात, काही पावसाळ्यांनंतर उमटते. चंदीगडच्या प्रयोगशाळेत गोळी झाडून घेतलेली परीक्षा आवश्यक आहे आणि २०१८ पासून भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७०५१ हे जाकिटांचे मानकही आहे. पण परीक्षा तयार वस्तूची होते. तंतूचे धुणे किती मिनिटे झाले, हे बंदुकीची गोळी सांगत नाही. ते सांगू शकणारे मनुष्यबळ आणि नोंदी देशात असाव्यात की नसाव्यात, हा खरा प्रश्न आहे.

अशी माणसे या देशात कधी नव्हतीच, असेही नाही. मराठी वाचकाला ती शोधायला कल्याणपलीकडे जावे लागत नाही. शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि मोहने-आंबिवलीची नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे एनआरसी, या दोन कारखान्यांनी उल्हास नदीच्या काठी काही दशके व्हिस्कोज रेयॉन कातले. व्हिस्कोजचे कच्चे द्रव्य लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज आहे, त्यामुळे तो पुनर्जनित तंतू म्हणवतो. कताई मात्र शंभर टक्के ओली. सेल्युलोज अल्कलीत भिजवायचे, कार्बन डायसल्फाइडशी अभिक्रिया करून त्याचे नारिंगी द्रावण करायचे, ते ठरावीक काळ पिकू द्यायचे आणि मग गंधकाम्ल, सोडियम सल्फेट व झिंक सल्फेट यांच्या कुंडात सोडायचे. कुंडातले जस्त सेल्युलोजचे पुनर्जनन लांबवते, तंतूचे कातडे जाड करते आणि त्याला अधिक ताणता येते. टायरमध्ये घालण्याइतका मजबूत धागा आणि साडीचा मऊ धागा यांतला फरक असाच कुंडाच्या घटकांनी आणि ताणाने ठरतो. द्रावण किती पिकले आहे, आजच्या दमटपणात ते किती लवकर कातायला हवे, कुंडाचे आम्ल कधी उतरले आहे, हे ओळखणारे कामगार आणि पर्यवेक्षक पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. कार्बन डायसल्फाइड हा मज्जासंस्था आणि हृदय यांवर आघात करणारा बाष्पशील द्रव असल्याने, या उद्योगात प्रक्रियेवरची पकड म्हणजे कामगारांच्या जिवाची राखणही असते.

एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. थकलेल्या देण्यांसाठी कामगारांचा लढा पुढे वर्षानुवर्षे चालला, आणि त्यावर थोडेफार लिहिलेही गेले. त्या माणसांसोबत कोणते ज्ञान गेटबाहेर गेले, याविषयी विज्ञानाच्या जगाने हळहळ व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही. एखादे दुर्मिळ हस्तलिखित जळाले तर संस्कृतीची हानी झाली असे म्हणतात. बंद पडलेल्या कताईखात्यातील रोजच्या नोंदवह्या रद्दीत गेल्या तर त्याला जागेचा विकास म्हणतात. प्रक्रियेचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे, ते नुसते हाताला लागलेले वळण, ही आपल्या शिक्षित समाजाची जुनी खोड येथे नागडी दिसते. डोके वापरणारा वर, हात वापरणारा खाली. सिद्धान्त पवित्र, कुंड ओंगळ. या उतरंडीची मुळे कोणत्या मातीत आहेत हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: विज्ञानसंस्थांनी मूलभूत प्रश्न हाताळावेत, कुंडाचे तापमान कारखानदारांनी पाहावे. हा आक्षेप घेणाऱ्याने कुंडात डोकावून पाहिलेले नसते. तेथे तीन घटकांच्या मिश्रणाचे प्रावस्था-विभाजन आहे, बदलत्या घनतेतील विसरण आहे, ताणाखाली वाहणाऱ्या लवचीक द्रवाचे गतिशास्त्र आहे, आणि हे सारे एकाच वेळी, केसाहून बारीक धारेत, काही सेकंदांत, समतोलापासून दूर घडते. याहून मूलभूत प्रश्न हवे असतील तर ते शोधायला फार लांब जावे लागेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर यांनी बहुवारिक द्रावणांचे वाहणे आणि जेल यांवर काम केले, आणि ते १९९८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. वाहणाऱ्या, चिकट पदार्थांचे विज्ञान हलके असते, असे म्हणण्याची सोय निदान महाराष्ट्राला उरलेली नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: बाजारात मिळते ते बनवायचे कशाला? याचे उत्तर निर्यातनियंत्रणाच्या याद्यांत आहे. उच्च दर्जाचे कार्बन तंतू आणि ते बनवण्याची यंत्रे क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, वासेनार करार यांसारख्या व्यवस्थांच्या नियंत्रणाखाली येतात. भारत पहिल्या व्यवस्थेत २०१६ मध्ये आणि दुसऱ्या करारात २०१७ मध्ये सामील झाला. सदस्यत्वाने दार थोडे सैल होते. पाककृती मात्र कोणी हाती देत नाही. तेजस विमानाच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे ४५ टक्के सांगितला जातो, तो अभिमानाने सांगितला जातो, आणि सांगायलाही हवा. त्या अभिमानासोबत, संमिश्रातला तंतू कोणत्या देशातल्या कुंडातून निघाला, हा प्रश्न त्याच परिच्छेदात यायला हवा.

तिसरा आक्षेप असा की प्रयत्न झाले आहेत. झाले आहेत, हे खरे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने कार्बन तंतूची प्रक्रिया विकसित केली. त्या तंत्रज्ञानावर वडोदऱ्याजवळ २०१० मध्ये एका खासगी कंपनीचा कारखानाही सुरू झाला. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली. २०२० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय तांत्रिक वस्त्रोद्योग अभियानासाठी १४८० कोटी रुपये मंजूर केले, त्यांपैकी १००० कोटी संशोधनासाठी होते. पैशाची घोषणा झाली. पैसा कशावर मोजला जाणार, हे ठरवण्याची जबाबदारी उरते. शोधनिबंधांच्या संख्येवर आणि एकेका नमुन्याच्या विक्रमी ताणबलावर तो मोजला गेला, तर दहा वर्षांनी शोधनिबंध असतील, विक्रम असतील आणि तंतू पुन्हा बंदरावर उतरत असतील.

मोजमाप बदलले पाहिजे. सार्वजनिक पैशाने कातलेल्या प्रत्येक तंतूसोबत द्रावणाची घनता, कुंडाचे घटक व तापमान, बाहेर पडण्याचा आणि ओढण्याचा वेग, धुण्याचा काळ आणि सलग निघालेली लांबी जाहीर व्हावी. संरक्षणाशी संबंधित नेमकी कृती गुप्त राहू शकते. प्रक्रिया आणि रचना यांचे नाते गुप्त ठेवून कोणाचेही रक्षण होत नाही. ताणबलाची सरासरी सांगताना त्यातली तफावतही सांगावी, कारण विमान सरासरीवर उडत नाही. ते सर्वांत दुबळ्या तंतूच्या भरवशावर उडते. कोणत्या तापमानाला तंतू तुटला, कोणत्या मिश्रणात तो साकळलाच नाही, या फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी प्रबंधात सन्मानाने याव्यात. कताईयंत्र पंधरा वर्षे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव आभाराच्या ओळीतून लेखकांच्या यादीत जावे, आणि त्याची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर नसावी. मोहालीसारख्या ठिकाणी, जिथे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था, नॅनो विज्ञानाची संस्था आणि जाकीट तपासणारी प्रयोगशाळा एका शहरी पट्ट्यात आहेत, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष चालवता येईल असे सामायिक कताईकेंद्र उभे राहणे अवघड नाही. पुणे आणि मुंबई यांनाही तेच लागू आहे.

आणि विद्यार्थ्यांनी यासाठी धोरण बदलण्याची वाट पाहू नये. पुढच्या वेळी पोलादाहून बळकट तंतूचा मथळा दिसला की त्याखाली एवढेच विचारावे: कुंडात काय होते, ते किती अंशांवर होते, आणि तंतू सलग किती किलोमीटर निघाला? उत्तर मिळाले तर अभिनंदन मनापासून करावे, कारण ते काम खरोखर कठीण आहे. उत्तर मिळाले नाही, तर बातमीत अजून तंतू आलेला नाही. फक्त रेणू आला आहे, आणि तो तर पाठ्यपुस्तकातही होता.